आजार सांभाळून पदवीपर्यंत : मुक्त शिक्षणाची वाट

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमधील विहारांत, अभ्यासिकांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम योजले जातात. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला पुस्तकांनीच अभिवादन करावे ही त्यामागील भावना उदात्त आहे. तथापि याच समाजात असेही काही विद्यार्थी आहेत, ज्यांना एका रात्रीचे जागरण अनेक आठवड्यांच्या आजारपणात लोटू शकते. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी मनोविकार किंवा तीव्र नैराश्य घेऊन ते जगत आहेत. त्यांनी शिकावे की नाही, आणि शिकायचे तर कोणत्या मापाने, हा प्रश्न आपल्या सभांतून सहसा विचारला जात नाही. शिक्षण हेच ज्या समाजाच्या मुक्तीचे साधन ठरले, त्या समाजाने तो टाळणे योग्य नव्हे. अशा विद्यार्थ्यांसाठी दूरशिक्षणाची वाट खुली आहे. तिची घडण कशी आहे, तिच्यावरून कसे चालावे आणि आपण सोबत्यांनी काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आजाराचे वय आणि शिक्षणाचे वय

गंभीर मानसिक आजारांची एक क्रूर बाब अशी की त्यांपैकी बरेचसे सोळा ते पंचविशीच्या दरम्यान प्रथम डोके वर काढतात. दहावी-बारावी, महाविद्यालय, पहिली नोकरी, हे सारे याच वर्षांत असते. हुशार म्हणून नावाजलेला मुलगा अचानक वर्गात जाईनासा होतो, रात्र रात्र जागतो, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवीत आहे असे म्हणू लागतो. किंवा एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे अंथरूण सोडत नाही. घरचे प्रथम रागावतात, मग घाबरतात, मग देवऋषी आणि ताईत यांच्याकडे वळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातही असे घडते, कारण भीती प्रतिज्ञेपेक्षा जुनी असते. त्यात मुलामुलींची लग्ने अडतील ही धास्ती मिसळली की आजार पडद्याआड जातो आणि उपचार लांबतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके मोठे होते.

हे आजार बुद्धी हिरावून घेत नाहीत. परंतु अभ्यासाला लागणाऱ्या साधनांवर घाव घालतात. लक्ष टिकत नाही, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, कामाला आरंभ करणेच डोंगराएवढे वाटते. काही औषधांनी सकाळी गुंगी राहते, काहींनी हात थरथरतो व अक्षर बिघडते. रोज सकाळी सातला वर्गात हजर राहा, पंचाहत्तर टक्के उपस्थिती भरा, मार्चमध्ये सर्व विषय एकदम द्या, या चौकटीत असा विद्यार्थी बसत नाही. मग त्याला ‘वाया गेलेला’ म्हणतात. वास्तविक, तेथे चौकट अपुरी पडलेली असते.

चौकट बदलण्याची परंपरा

विद्यार्थ्याच्या जीवनाप्रमाणे शिक्षणाची चौकट बदलावी, हा विचार आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. पोटासाठी राबणाऱ्याला दिवसा वर्गात बसता येत नाही. म्हणून त्यांनी घड्याळच हलविले. दूरशिक्षण ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग १९७१ साली सुरू केला. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे उभे राहिले आणि १९९१ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे ‘इग्नू’, स्थापन झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले; ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयही निघाले, जे आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते.

आजारी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या व्यवस्थेची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावीत. पहिले म्हणजे वेळ. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातील नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. इग्नूची तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. दुसरे म्हणजे विभागणी. सर्व विषय एकाच वेळी दिलेच पाहिजेत असे नाही. तिसरे म्हणजे स्वाध्याय. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत सुमारे ३० टक्के भार घरी लिहून द्यावयाच्या स्वाध्यायांना असतो. प्रकृती बरी असताना लिहिलेला स्वाध्याय ही साठवलेली शिदोरी आहे; पुढे वाईट दिवस आले तरी ती संपत नाही.

प्रवेश घेताना त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता आहे काय, एवढे मात्र अवश्य पाहावे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

मोकळीक आणि तिची किंमत

ही वाट सोपी आहे, असे समजण्याचे कारण नाही. दूरशिक्षणात हजेरी नाही; म्हणजेच विद्यार्थी गप्प झाला, तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. वर्गात रिकामा बाक दिसतो. टपालाने आलेली पुस्तके कपाटात न उघडता पडून राहिली, तर त्याची नोंद कोण घेणार? दिवसाला आकार देणारी घंटा नसते, आणि गंभीर मानसिक आजारात दिवसाचा आकार हाच अर्धा उपचार असतो.

गिरगावातील आमच्या फणसवाडीच्या एखाद्या चाळीत राहणारी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. एक खोली, तीत पाच माणसे, समोर सामाईक गॅलरी. शेजारच्या खोलीतील बोलणे भिंतीपलीकडून ऐकू येते. तिच्या घरातील रडणे शेजाऱ्यांनाही ऐकू जाते. सणासुदीला ध्वनिक्षेपक रात्रीपर्यंत चालतो. गोळ्यांचे पाकीट कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते डब्यांच्या मागे ठेवले जाते, आणि मग एखाद्या दिवशी घ्यायचेच राहून जाते. ‘घरी बसून शिका’ असे सांगणाऱ्याने हे घर कसे आहे, याचाही विचार करावा.

अशा वेळी अभ्यासाची जागा घराबाहेर शोधावी लागते. याच परिसराचा इतिहास येथे आठवतो. परळच्या चाळीतील एका खोलीत वाढणारा विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे आणि तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर पडली. पुढे १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, हे आपण सारे जाणतो. या प्रसंगात दोन गोष्टी आहेत : वाचायला एक शांत बाक, आणि ‘काय वाचतोस’ म्हणून रोज विचारणारा एक वडीलधारा. आजारी विद्यार्थ्याला आजही याच दोन गोष्टी हव्या आहेत. धोबी तलावची १८४५ सालची पीपल्स फ्री रीडिंग रूम फणसवाडीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून ठरलेल्या बाकावर बसणे, हा स्वतःच एक व्यायाम आहे.

वीणेची तार

आता मापाचा प्रश्न. सोण कोळिवीस नावाचा सुकुमार तरुण भिक्खू झाला. त्याने इतके कठोर परिश्रम केले की चंक्रमण करताना पायांतून रक्त वाहू लागले. तरी फळ दिसेना, म्हणून सारे सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या आवडत्या वीणेविषयी विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो काय? फार सैल सोडली तर लागतो काय? दोन्ही प्रश्नांना सोणाचे उत्तर नाही असेच होते. परिश्रमही असेच समतोल असावेत, हे त्याला उमगले आणि पुढे तो अर्हतपदाला पोहोचला.

गंभीर मानसिक आजारासह शिकणाऱ्यासाठी ही कथा केवळ बोधकथा नाही, ते वेळापत्रक आहे. द्विध्रुवी विकारात झोप मोडणे हे उन्मादाचा झटका येण्याचे एक परिचित कारण आहे. अशा विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वी रात्र जागवली, तर तो परीक्षागृहाऐवजी रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता असते. त्याच्या बाबतीत सात-आठ तासांची झोप हा आळस नसून अभ्यासाचाच भाग आहे. बाबासाहेबांचे अनुकरण तासांच्या संख्येत नव्हे, तर ध्येय न सोडण्यात करावे.

व्यवहारात हे असे करता येईल. दिवसांचे तीन प्रकार आधीच ठरवावेत. चांगल्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार बैठका. मध्यम दिवशी एकच. वाईट दिवशी केवळ पुस्तक उघडून वहीत तारीख आणि पान क्रमांक लिहायचा. यातील सर्वांत अवघड नियम चांगल्या दिवसाचा आहे : उत्साह वाटला तरी चार बैठकांपुढे जायचे नाही. पहाटेपर्यंत वाचून काढलेला एक दिवस पुढचे दहा दिवस गिळून टाकतो. त्याच वहीत झोपेचे तास आणि औषध घेतल्याची खूण करावी. सलग तीन रात्री झोप कमी झालेली दिसली, की ती बाब डॉक्टरांना कळवावी; वही माणसाच्या आधी बोलते.

विषयांची निवडही तारेसारखीच जपून करावी. पहिल्या वर्षी नेमलेल्या विषयांपैकी निम्मेच घ्यावेत. उन्मादाच्या चढत्या काळात एकदम तीन अभ्यासक्रमांना नाव नोंदवावेसे वाटते, महागडी पुस्तके घ्यावीशी वाटतात. म्हणून बरे असतानाच एक नियम करून ठेवावा : कोणताही नवा प्रवेश घेण्यापूर्वी दोन आठवडे थांबायचे आणि विश्वासातील एका व्यक्तीशी बोलायचे.

औषधांविषयी तर तडजोडच नको. गुंगी येते म्हणून परीक्षेच्या आधी गोळ्या बंद करणे हा अनेकांचा घात करणारा उपाय आहे. परीक्षेचे वेळापत्रक हाती येताच डॉक्टरांना दाखवावे. मात्रा किंवा वेळ बदलण्यासारखी असेल तर तेच बदलतील. लिथियम घेणाऱ्यांनी मुंबईच्या उन्हाळ्यात विशेष जपावे. शरीरातील पाणी कमी झाले तर रक्तातील या औषधाचे प्रमाण वाढून अपाय होऊ शकतो. पाणी आणि जेवण नियमित ठेवावे, रक्ततपासणी चुकवू नये. नायर, जे. जे. आणि के. ई. एम. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि गिरगावातून तेथे बसने जाता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर परीक्षा, स्वाध्याय सारे बाजूला ठेवून प्रथम तेथे बोलावे किंवा थेट रुग्णालय गाठावे, आणि घरच्यांनी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

कायद्याने दिलेले हक्क

आपण घटना मानणारे लोक आहोत. म्हणून हक्कांची भाषा आपल्याला यायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करणे, अधिक वेळ देणे, लेखनिक देणे या गोष्टी त्यातील कलम १७ मध्ये आल्या आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यातही मानसिक आजार येतो. प्रमाणपत्र देताना स्वतःची काळजी घेणे, माणसांशी संबंध ठेवणे, संवाद व आकलन, आणि काम, या चार बाबी व आजाराचा कालावधी तपासला जातो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रधारकांना तीन तासांच्या लेखी परीक्षेसाठी किमान एक तास अधिक देण्याची तरतूद केली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, हात आखडण्याच्या विकारामुळे लिहिण्यास अडचण असणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

प्रमाणपत्र घेणे हा हक्क आहे, सक्ती नाही. जातीचा दाखला काढताना आपल्याला जी घालमेल माहीत आहे, तशीच ती येथेही होते : शिक्का बसेल काय? निर्णय त्या व्यक्तीचा असावा. माहितीअभावी मात्र तो हुकू नये. सवलतीसाठीचा अर्ज परीक्षेच्या आदल्या आठवड्यात न करता प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरा कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. उपचारांचा हक्क, आजाराविषयीच्या माहितीची गोपनीयता आणि विमा देताना शारीरिक आजारासारखीच वागणूक त्यात आहे. सामाजिक दर्जा किंवा प्रचलित सामाजिक-धार्मिक मूल्ये न मानणे, यांवरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही तो सांगतो. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला वेडा ठरविण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या तरतुदीचे मोल समजेल. प्रौढ व्यक्तीला बरी असतानाच आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो : आजार उलटल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. त्यासोबत घरगुती कागदावर एवढेही लिहून ठेवावे : माझा नोंदणी क्रमांक, परीक्षेच्या तारखा, आणि विद्यापीठाला कोणी कळवायचे.

गग्ग भिक्खूचा प्रश्न

कायदा संस्थेला बांधतो. घराला आणि वस्तीला बांधण्यासाठी धम्म लागतो. विनयपिटकात गग्ग नावाच्या एका भिक्खूची हकिगत आहे. त्याला वेडाचे झटके येत. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. संघाचे काम अडू लागले. तेव्हा त्याला बाहेर काढण्याचा मार्ग तथागतांनी सांगितला नाही. संघाने रीतसर ठराव करावा, गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचा उपोसथ वैध राहील, अशी व्यवस्था त्यांनी घालून दिली. गग्गाचे संघातील स्थान अबाधित राहिले. पुढे तो बरा झाला, तेव्हा काही भिक्खू वेडाच्या भरात घडलेल्या गोष्टी उगाळून त्याला टोचू लागले. त्यावर तथागतांनी ‘अमूढविनय’ नावाचा निवाडा घालून दिला : भान नसताना जे घडले, त्याचा दोष भान आल्यावर माथी मारायचा नाही.

दोन नियम, आणि दोन्ही आज जसेच्या तसे लागू पडतात. विद्यार्थी आजारी असताना त्याची जागा राखून ठेवावी. तो परतल्यावर मागचे उकरून काढू नये. ‘तेव्हा तू काय काय केलेस, आठवते का?’ हा प्रश्न गॅलरीत थट्टेने विचारला जातो आणि एका वर्षाची उमेद मोडून टाकतो.

पटाचाराची कथाही येथेच स्मरावी. पती, दोन मुले, आई-वडील आणि भाऊ, सारे गमावल्यावर तिचे भान हरपले. लोक तिला हाकलून लावीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, शांतपणे भानावर येण्यास सांगितले, आणि कुणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. तीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य गणली गेली. वेडी म्हणून हाकललेली स्त्री शास्त्राची जाणकार झाली, हे आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून नोंदलेले आहे.

खंड पडला तरी

आजार असणाऱ्याच्या शिक्षणात खंड पडणारच. त्याची लाज बाळगू नये. बाबासाहेब १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. त्यांच्या खंडाचे कारण आजार नव्हते, आर्थिक होते. पण त्यांनी निघताना एक महत्त्वाची गोष्ट केली : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मिळवून ठेवली. १९२० साली ते परतले, १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. खंड पडण्यापूर्वी परतीचे दार उघडे ठेवणे, ही खरी शिकवण आहे. मुक्त विद्यापीठातील नोंदणीची मुदत, जमेस धरलेले विषय, वेळेत दिलेला अर्ज, ही आजच्या विद्यार्थ्याची उघडी दारे आहेत.

आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून काही करता येईल. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, किंवा डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभी राहिलेली शिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, अशा संस्थांच्या कार्यातून रुग्णांच्या कुटुंबीयांना एकमेकांचा आधार कसा मिळतो, ते शिकता येईल. आपल्याला मोठी संस्था उभारायची नाही. प्रत्येक बॅचने अशा एका विद्यार्थ्याचा ‘अभ्याससोबती’ व्हावे. दर रविवारी एक दूरध्वनी करावा, आणि त्यात ‘औषध घेतलेस का’ याआधी ‘कोणते पान वाचतोस’ हे विचारावे. स्वाध्याय जमा करण्याच्या तारखा आपल्याही दिनदर्शिकेत लिहाव्यात. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र दाखवून आणावे, त्या दिवशी दारापर्यंत सोबत जावे. विहाराची खोली दुपारी दोन तास शांत वाचनासाठी उघडी ठेवावी.

आणि पुढच्या भीमजयंतीला अठरा तासांच्या उपक्रमाच्या फलकावर आणखी एक ओळ लिहावी : ज्याला अर्धाच तास बसता येते, त्याचाही बाक येथे राखून ठेवला आहे.